विश्वाचा फुगवटा आणि क्रियापदांची जबाबदारी : गथ व ससकिंड यांच्या दोन ग्रंथांची चिकित्सा

विश्वाच्या आरंभाविषयी सामान्य वाचकांसाठी इंग्रजीत गेल्या तीन दशकांत जे ग्रंथ आले, त्यांतील दोन शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला अ‍ॅलन गथ यांचा ‘द इन्फ्लेशनरी युनिव्हर्स’ (१९९७), दुसरा लेनर्ड ससकिंड यांचा ‘द कॉस्मिक लँडस्केप’ (२००५). दोन्ही लेखक आपल्या विषयाच्या मूळ पुरुषांपैकी आहेत. विश्व जन्मतःच क्षणार्धात अतिप्रचंड फुगले ही कल्पना गथ यांनी मांडली. ससकिंड हे १९७० च्या आसपास स्ट्रिंग सिद्धांताची पायाभरणी करणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एक. दोन्ही ग्रंथांचा कणाही एकच आहे, तो म्हणजे अदिश क्षेत्र. तरीही पहिला ग्रंथ मिटल्यावर काय सिद्ध झाले आहे, काय संभवनीय आहे आणि काय केवळ कल्पिलेले आहे हे वाचकाला सांगता येते. दुसरा मिटल्यावर ते सांगणे अवघड जाते. हा फरक भौतिकशास्त्राइतकाच भाषेचाही आहे, म्हणून भाषेच्या अंगाने त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

अदिश क्षेत्र म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. अवकाशातील प्रत्येक बिंदूला एक संख्या जोडलेली असेल आणि त्या संख्येला दिशा नसेल, तर ते अदिश क्षेत्र. तापमान हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. बेळगावात २४ अंश, विजापुरात ३१ अंश. या आकड्यांना पूर्व-पश्चिम नसते. वाऱ्याला मात्र वेगही असतो आणि दिशाही, म्हणून वारा अदिश नव्हे. मराठीने यासाठी ‘क्षेत्र’ हा शब्द घेतला, उर्दूने ‘मैदान’. दोन्ही शब्दांत एक धोका सारखाच आहे. क्षेत्र म्हटले की शेत किंवा तीर्थ डोळ्यांपुढे येते, मैदान म्हटले की मोकळी जागा. भौतिकशास्त्रातील क्षेत्र म्हणजे जागा नव्हे, जागेत सर्वत्र असलेली राशी होय. विद्यार्थ्याचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथे.

दुसऱ्यांदा तो घसरतो टेकडीवर. अदिश क्षेत्राच्या प्रत्येक मूल्याला काही ऊर्जा असते. मूल्य आडव्या अक्षावर आणि ऊर्जा उभ्या अक्षावर मांडली की आलेखात उंचवटे व खळगे दिसतात. मग लेखक सांगतात की एक चेंडू टेकडीवरून हळूहळू घरंगळतो आणि तो घरंगळत असताना विश्व फुगते. चित्र सुरेख आहे, पण ही टेकडी विश्वात कुठेही नाही आणि चेंडूही नाही. क्षेत्राचे मूल्य बदलत आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचकाला हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘ताप उतरला’ असे आपण रोज म्हणतो. ताप जिना उतरून आला असे कुणाला वाटत नाही. ‘सोन्याचा भाव चढला’ म्हणताना सोने कुठे चढत नाही. अदिश क्षेत्राचे घरंगळणे हे याच जातीचे उतरणे आहे. इंग्रजी ग्रंथांतील टेकडी जशीच्या तशी उचलण्यापेक्षा ताप उतरण्याचा वाक्प्रयोग अधिक नेमका आहे, याची मराठी विज्ञानलेखकांनी नोंद घ्यावी.

आता गथ यांच्या ग्रंथाकडे वळू. त्यांच्यापुढे तीन कोडी होती. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणारे आदिम प्रारण लाखात एक भागापर्यंत सारख्याच तापमानाचे आहे, मात्र त्या दोन टोकांना परस्परांशी संपर्क साधण्याइतका वेळ महास्फोटाच्या साध्या सिद्धांतात मिळतच नाही. दुसरे कोडे सपाटपणाचे. विश्व एक सेकंदाचे असताना त्याची घनता एका विशिष्ट मूल्याशी सुमारे पंधराव्या दशांश स्थळापर्यंत जुळलेली असल्याशिवाय आजचे विश्व संभवत नाही. रॉबर्ट डिकी यांनी १९७८ साली कॉर्नेल विद्यापीठातील व्याख्यानात हे मांडले, तेव्हा गथ श्रोत्यांत होते. तिसरे कोडे चुंबकीय एकध्रुवांचे. तत्कालीन महाएकीकरणाच्या सिद्धांतांनुसार ते अमाप संख्येने निर्माण व्हायला हवे होते, आणि सापडत तर एकही नव्हता. या तिसऱ्या प्रश्नाकडे गथ यांना वळवले ते हेन्री टाय या सहकाऱ्याने. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

डिसेंबर १९७९ मधील एका रात्री गथ यांच्या वहीत उत्तर उतरले. अदिश क्षेत्र जर काही काळ उच्च ऊर्जेच्या मूल्यावर अडकून पडले, तर त्या ऊर्जेचे गुरुत्वाकर्षण खेचणारे नसून ढकलणारे ठरते आणि अवकाश भूमितीय गतीने दुप्पट-दुप्पट होत जाते. सेकंदाच्या कल्पनातीत सूक्ष्म अंशात विश्व किमान एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींनी फुगते. टोके मुळात जवळच होती, म्हणून तापमान सारखे. फुगल्यामुळे वक्रता पुसली गेली, म्हणून सपाटपणा. एकध्रुव विरळ झाले, म्हणून दिसत नाहीत. योगायोग असा की त्याच आठवड्यात, १० डिसेंबर रोजी, अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना स्टॉकहोममध्ये ज्या सिद्धांतासाठी नोबेल पारितोषिक प्रदान झाले, त्याचाही आधार एक अदिश क्षेत्रच होते, आणि तेही तोवर कुणी पाहिलेले नव्हते. हिग्ज कणाच्या रूपाने त्याचा पुरावा मिळाला तो ४ जुलै २०१२ ला. आजमितीस प्रयोगाने हाती लागलेले मूलभूत वाटणारे अदिश क्षेत्र हे एकमेव होय. फुगवटा घडवणारे क्षेत्र कोणते, हे अद्याप ठरलेले नाही.

गथ यांच्या ग्रंथाचे खरे मोल पुढे आहे. त्यांचा मूळ सिद्धांत चालला नाही. फुगवटा सुरू होत होता, पण नीट संपत नव्हता. अडकलेले क्षेत्र जागोजागी बुडबुड्यांच्या रूपाने सुटे, बुडबुडे एकमेकांना गाठू शकत नसत आणि त्यातून उरणारे विश्व आपल्यासारखे गुळगुळीत नसून खडबडीत निघे. १९८१ च्या शोधनिबंधाच्या सारांशातच गथ यांनी या कल्पनेतून अस्वीकार्य निष्कर्ष निघतात आणि तिच्यात बदल शोधावे लागतील असे नोंदवले होते. स्वतःच्या सर्वांत मोठ्या शोधाचा दोष त्याच्या कपाळावर लिहून तो छापायला देणे सोपे नाही. त्या वर्षांत त्यांना कायमची नोकरीही नव्हती, हे लक्षात घेता तर नाहीच. ग्रंथात हा दोष ते तळटीपेत दडवत नाहीत. अपयशाची संपूर्ण हकीकत, मग आंद्रेई लिंदे यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे आंद्रेयास आल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी १९८२ मध्ये काढलेला मार्ग, मॉस्कोतील अलेक्सेई स्तारोबिन्स्की यांचे त्याआधीचे काम, हे सारे ज्याच्या त्याच्या पदरात घातलेले आहे. नव्या मार्गात क्षेत्र अडकत नाही. जवळजवळ सपाट उतारावरून अगदी सावकाश उतरते.

या सपाट उताराची किंमतही गथ सांगतात. तो इतका सपाट का असावा, याचे कारण कुणाजवळ नव्हते. याच धर्तीवर ते ग्रंथभर तीन पायऱ्या राखतात : मोजलेले, गणिताने निघालेले आणि मानलेले. विश्व जवळपास फुकटात निर्माण होऊ शकते ही त्यांची गाजलेली उक्ती अतिशयोक्त वाटते खरी, पण तिच्यामागील हिशेब, म्हणजे गुरुत्वीय ऊर्जा ऋण असते हे गणित, त्यांनी परिशिष्टात वेगळे मांडून दाखवले आहे. उक्ती पटली नाही तर वाचकाने हिशेब तपासावा.

इथे भाषेच्या अभ्यासकाला एक कसोटी हाती लागते. अशा ग्रंथातील कोणतेही पान मराठीत उतरवायला बसले की प्रत्येक वाक्याशेवटी थांबून ठरवावे लागते : ‘आहे’ लिहायचे, ‘असावे’ लिहायचे, की ‘असू शकेल’? उर्दूतही ‘है’, ‘होगा’ आणि ‘हो सकता है’ यांतून निवड करावी लागते. इंग्रजी लोकप्रिय गद्यात साधा वर्तमानकाळ इतका सरसकट चालतो की ही निवड झाकली जाते. भाषांतरात ती उघडी पडते. गथ यांचे पान या कसोटीला उतरते. कुठे ‘आहे’ आणि कुठे ‘असावे’, हे मूळ मजकुरावरूनच कळते. ससकिंड यांच्या पानावर भाषांतरकाराला पदोपदी अडखळावे लागते.

ससकिंड यांच्या ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. स्ट्रिंग सिद्धांताला अवकाश-काळाच्या दहा मिती लागतात. चार आपल्या अनुभवातल्या. उरलेल्या सहा सूक्ष्म रूपात गुंडाळलेल्या. या सहा मितींचे आकार आणि आकारमान हे चार मितींत राहणाऱ्या निरीक्षकाला अदिश क्षेत्रांच्या रूपात जाणवतात. अशी क्षेत्रे शेकड्यांनी असू शकतात. फुगवट्याला हवे असलेले अदिश क्षेत्र गथ यांच्या काळी बाहेरून आणून ठेवावे लागत होते. स्ट्रिंग सिद्धांतात ते घरातच मिळते, आणि एक नव्हे, पुष्कळ. अडचण या पुष्कळपणाचीच आहे. ही क्षेत्रे एका जागी स्थिर झाली नाहीत तर निसर्गाचे स्थिरांक स्थिर राहणार नाहीत, गुंडाळलेल्या मिती उलगडूही लागतील. शमित कचरू, रेनाटा कॅलॉश, आंद्रेई लिंदे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी या चौघांनी २००३ साली या क्षेत्रांना जखडून ठेवण्याची आणि त्यातून आपल्यासारखे प्रवेगाने प्रसरणारे विश्व मिळवण्याची एक रचना दाखवली. असे जखडण्याचे प्रकार एकावर पाचशे शून्ये इतके असू शकतात, असा अंदाज पुढे रूढ झाला. ससकिंड यांनी त्याच वर्षी या सर्व शक्यतांच्या पसाऱ्याला ‘लँडस्केप’ हे नाव दिले. दोन वर्षांनी आलेला ग्रंथ या एका शब्दावर उभा आहे.

लँडस्केप म्हणजे शक्यतांची यादी, प्रत्यक्षातली जागा नव्हे, हा भेद ससकिंड स्वतः करतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. या यादीतील विश्वे खरोखर कुठेतरी अस्तित्वात असण्याच्या कल्पनेला ते वेगळे नावही देतात. तथापि भेद करून झाल्यावर गद्य तो पाळत नाही. दऱ्या, डोंगर, खिंडी, त्यांत वसलेली आणि वसवली जाणारी विश्वे असे वर्णन प्रकरणांमागून प्रकरणे चालते आणि वाचकाच्या मनात नकाशाचा मुलूख होतो. यादीतील नोंद आणि मुलखातील गाव यांत जे अंतर आहे, ते कापण्यासाठी ‘चिरंतन फुगवटा’ ही आणखी एक कल्पना खरी मानावी लागते : फुगवटा सर्वत्र एकदम कधीच संपत नाही, काही भागांत संपतो आणि इतरत्र चालूच राहतो. ही कल्पना निराधार नाही, फुगवट्याच्या बऱ्याच प्रतिमानांतून ती निघते. पण ‘यादी अशी असेल, आणि फुगवटा चिरंतन असेल, तर’ असे ते दुहेरी सशर्त वाक्य आहे. मराठीत ते संकेतार्थातच लिहावे लागेल. ससकिंड यांच्या पानांवर त्यातला ‘तर’ हळूहळू गळतो.

ग्रंथातील सर्वांत रंजक भाग म्हणजे माशांची रूपककथा. समुद्रात राहणाऱ्या बुद्धिमान माशांना प्रश्न पडतो की पाण्याचे तापमान नेमके गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू यांच्या दरम्यानच का? काही मासे म्हणतात, यामागे एखादे गणिती सूत्र असले पाहिजे. काही म्हणतात, पाणी द्रव नसते तर प्रश्न विचारायला आपण नसतो. ससकिंड यांचा कल दुसऱ्या गटाकडे आहे. कथा चतुर आहे, तिचा उपयोगही आहे. ग्रहांच्या बाबतीत हा युक्तिवाद अगदी बरोबर ठरतो, कारण निर्जीव ग्रह भरपूर आहेत हे आपण दुर्बिणीतून पाहतो. परंतु कथेतल्या माशांपैकी एखादा धाडसी मासा पृष्ठभागावर येऊन बर्फ पाहू शकतो, दुसऱ्या समुद्रांची बातमी आणू शकतो. आपल्याला तसे करता येत नाही. इतर विश्वे असलीच तर ती आपल्या क्षितिजापलीकडची आहेत. जे सिद्ध करायचे होते, म्हणजे समुद्राबाहेर काहीतरी आहे, ते कथेने सुरुवातीलाच गृहीत धरले. रूपककथेची ही खोड जुनी आहे, मसनवीपासून दृष्टान्तापर्यंत सर्वत्र आढळते. मात्र तिथे ऐकणाऱ्याला आपण दृष्टान्त ऐकतो आहोत हे ठाऊक असते.

तरीही या युक्तिवादाला एक भक्कम आधार आहे. रिकाम्या अवकाशाची ऊर्जा फार मोठी असती तर दीर्घिका बनल्याच नसत्या, या विचारातून स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये तिच्यावर मर्यादा घातली होती. १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून ती ऊर्जा शून्य नसल्याचे दिसले आणि तिचे मान वाइनबर्ग यांच्या मर्यादेच्या आत भरले. सैद्धांतिक अपेक्षेपेक्षा ते सुमारे एकावर एकशेवीस शून्ये इतक्या पटींनी लहान आहे. ससकिंड यांचा ग्रंथ इथे सर्वाधिक पटतो. एका आकड्याने केलेला इतका मोठा घोटाळा दुसऱ्या कुणाला समाधानकारकपणे सोडवता आलेला नाही, हे ते ठासून सांगतात आणि ते खरेही आहे. शिवाय सिद्धांताचे सौंदर्य हाच त्याचा पुरावा, हा ब्रायन ग्रीन यांच्या ‘द एलिगंट युनिव्हर्स’ (१९९९) पासून बळावलेला समज ते निर्दयपणे मोडतात. स्ट्रिंग सिद्धांताच्या प्रत्यक्ष रचना सुबक नसून खटाटोपी आहेत, हे त्या सिद्धांताच्याच एका जनकाने लिहावे, याला धैर्य लागते.

उपशीर्षकाबद्दल मात्र हरकत घ्यावी लागेल. त्यात विश्वाच्या बुद्धिपूर्वक रचनेच्या कल्पनेला भ्रम म्हटले आहे. २००५ साली अमेरिकेत शाळांतील जीवशास्त्राच्या शिक्षणावरून न्यायालयात वाद चालू होता, हा त्याचा संदर्भ. परिणाम असा होतो की लँडस्केपविषयी शंका काढणारा भौतिकशास्त्रज्ञ आपोआप त्या वादातील एका पक्षात ढकलला जातो. गुंडाळलेल्या सहा मिती किती प्रकारे जखडता येतात, या तांत्रिक प्रश्नावर श्रद्धा किंवा अश्रद्धा यांपैकी कशाचाच निकाल लागत नाही. पुढच्याच वर्षी पीटर वॉइट आणि ली स्मोलिन यांचे स्ट्रिंग सिद्धांतावर टीका करणारे ग्रंथ आले. त्यांतील आक्षेप महत्त्वाचे असले तरी सूर फिर्यादीचा आहे.

लोकप्रिय ग्रंथापेक्षा शोधनिबंधच अधिक विनम्र असावा, हे नवल आहे. त्रिवेदी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हुआन माल्डासेना व लियाम मॅकअ‍ॅलिस्टर यांच्यासह २००३ मध्येच दुसरा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘स्ट्रिंग सिद्धांतातील फुगवट्याच्या दिशेने’ असा होतो. ‘दिशेने’ हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. हेन्री टाय यांनी जॉर्जी द्वाली यांच्याबरोबर १९९८ मध्ये सुचवले होते की ‘ब्रेन’ नावाच्या दोन पटलांमधील अंतर हेच फुगवट्याचे अदिश क्षेत्र असू शकेल. गथ यांना एकध्रुवांकडे वळवणारे टाय ते हेच. २००३ च्या निबंधाने ही कल्पना तपासली आणि निघाले ते असे : गुंडाळलेल्या मितींची क्षेत्रे जखडायला जावे, तर त्या जखडण्यानेच फुगवट्याचा सपाट उतार तीव्र होऊन जातो. घराचे छप्पर बांधताना जमीन खचावी तसा हा प्रकार. तो टाळण्यासाठी वेगवेगळे परिणाम एकमेकांविरुद्ध नेमके तोलावे लागतात. डोंगर-दऱ्यांच्या चित्रातून ही अडचण दिसत नाही, कारण त्या चित्रात एक टेकडी दुसरीला धक्का न लावता उभी राहते. प्रत्यक्षात एका क्षेत्राला हात लावला की बाकीची हलतात.

दरम्यान निरीक्षणे पुढे गेली. प्लँक उपग्रहाच्या २०१८ मधील अंतिम निष्कर्षांत आदिम चढ-उतारांचा कल ०.९६५ असा आढळला, म्हणजे एकाच्या जवळ पण निश्चितपणे एकाहून कमी. फुगवट्याच्या साध्या प्रतिमानांना असाच किंचित कमी आकडा अपेक्षित होता, ही त्या कल्पनेची मोठी कमाई. गुरुत्वीय तरंगांची खूण मात्र मिळालेली नाही. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाने मार्च २०१४ मध्ये ती सापडल्याचे जाहीर केले आणि वर्षभरातच तो संकेत आकाशगंगेतील धुळीचा म्हणून समजावता येतो, हे स्पष्ट झाले. नव्या मार्गाच्या जनकांपैकी असलेले स्टाइनहार्टच फुगवट्याचे कडवे टीकाकार झाले. २०१७ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या टीकालेखाला गथ, लिंदे यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिले. सह्यांनी सिद्धांत खरा ठरत नाही. उत्तरातील मोजमापांचे मुद्दे तेवढे वजनदार आहेत.

स्ट्रिंग सिद्धांताच्या घरातूनही आवाज उठला. इराणमध्ये जन्मलेले हार्वर्डचे कुमरुन वाफा यांनी २००५ मध्येच म्हटले होते की सुसंगत भासणारे सिद्धांत पुष्कळ असले तरी गुरुत्वाकर्षणासह टिकणारे थोडेच. बाकीचे ‘दलदलीत’ जातात. २०१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे अनुमान मांडले की स्ट्रिंग सिद्धांतात धन ऊर्जेचा उतार कधीच पुरेसा सपाट असू शकत नाही. ते खरे असेल तर २००३ ची रचना टिकत नाही आणि फुगवट्याची साधी प्रतिमानेही अडचणीत येतात. वाद चालू आहे. शब्दांच्या बाजूने पाहता, डोंगर-दऱ्यांना उत्तर म्हणून दलदल आली. भूगोल काही सुटला नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात विकसित केलेले ‘सी-क्षेत्र’ हेही अदिश क्षेत्रच होते. ऋण ऊर्जेचे ते क्षेत्र द्रव्य निर्माण करी आणि विश्वाला त्याच भूमितीय गतीने वाढवी. नारळीकर अखेरपर्यंत, म्हणजे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत, महास्फोटाचे टीकाकार राहिले. प्रयोगशाळेत कधीही तपासता न येणाऱ्या ऊर्जांवर फुगवट्याची इमारत उभी आहे, हा त्यांचा आक्षेप आजही लागू आहे. अर्थात सी-क्षेत्रही प्रयोगशाळेत कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे हा आक्षेप दोन्हीकडे कापतो.

या विषयावर मराठीत वा उर्दूत लिहायचे तर परिभाषा आधी निश्चित करावी लागेल. ‘इन्फ्लेशन’ हे नाव अमेरिकेत महागाई दोन अंकी असताना, अर्थशास्त्रातील शब्दाच्या ओळखीवर रुळले. उर्दूचे ‘इफ़रात-ए-ज़र’ इथे चालणार नाही, त्यात पैसा घट्ट बसलेला आहे. मराठीचा ‘फुगवटा’ मोकळा आहे; चलनाचाही होतो आणि धरणाच्या पाण्याचाही. अलमट्टीच्या फुगवट्याची धास्ती घेणाऱ्या कृष्णाकाठच्या वाचकाला त्यातील पसरत जाण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ‘लँडस्केप’साठी ‘भूदृश्य’ वापरू नये. ‘शक्यतांचा पट’ म्हटले तर नकाशाचा मुलूख होण्याचा धोका कमी होतो. भाषांतरासाठी गथ यांचा ग्रंथ आधी घ्यावा, परिशिष्टांसह. ससकिंड यांच्या ग्रंथातून रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेवरील विवेचन आणि माशांची कथा ही दोन प्रकरणे पुरेशी आहेत. त्यांना २००५ नंतरच्या घडामोडींची जोड द्यावी आणि प्रत्येक ‘आहे’पाशी भाषांतरकाराने थांबावे.